काल चालत होतं, मग आज का नाही?



आमच्या नागापुरात एमआयडीसीमुळे बरेच पालक कंपनीत कामाला आहेत. मशीन बंद पडलं की "काल कुठला पार्ट बदलला?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. वर्गात मात्र आपण हा प्रश्न विचारायला विसरतो. त्याबद्दलच आज लिहितोय.

सुरुवात झाली एका जुन्या संगणकापासून. त्यावर मोफत मिळणारी एक कार्यप्रणाली टाकलेली होती आणि इंटरनेटसाठी वायफायचं छोटं डोंगल लावलेलं होतं. एकदा अपडेट झालं आणि डोंगल दिसेनासं झालं. दुरुस्तीवाले म्हणाले, "सर, मशीन जुनं झालंय, नवीन घ्या." मला ते पटेना. काल संध्याकाळी चालणारं मशीन एका रात्रीत म्हातारं कसं होईल?

इथे थोडं समजून घेऊ. कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात (सैन्यातला कर्नल नव्हे!). आपण डोंगल, माऊस, प्रिंटर जोडतो तेव्हा ते उपकरण कर्नलला दोन क्रमांक सांगतं, एक कंपनीचा आणि एक स्वतःचा. कर्नलमधल्या ड्रायव्हरकडे अशा क्रमांकांची यादी असते. अगदी आपल्या हजेरीपटासारखी. क्रमांक जुळला की ड्रायव्हर त्या उपकरणाचा ताबा घेतो. पण नवीन आवृत्ती तयार करताना त्या यादीत किंवा ओळखण्याच्या पद्धतीत चूक झाली, तर उपकरण धडधाकट असूनही कर्नलला ओळखू येत नाही. म्हणजे मूल वर्गात बसलंय, पण पटावर नाव नाही! आधी नीट चालणारी गोष्ट नव्या बदलामुळे बिघडणं, याला त्या क्षेत्रात 'रिग्रेशन' म्हणतात.

मी संगणक पुन्हा सुरू केला आणि सुरुवातीच्या यादीतून आधीचा कर्नल निवडला. डोंगल लगेच दिसलं! म्हणजे दोष मशीनचा नव्हता. मग मी डोंगलचे क्रमांक, कोणत्या आवृत्तीत चालतं आणि कोणत्या आवृत्तीत नाही, एवढं लिहून कळवलं. काही आठवड्यांनी पुढचं अपडेट आलं आणि डोंगल पुन्हा दिसू लागलं. माझ्या कळवण्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. पण मशीन भंगारात जाता जाता वाचलं.

या निमित्ताने मी लिनक्सबद्दल वाचलं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना हा कर्नल सुरू केला. आज जगभरातले हजारो लोक त्यावर काम करतात. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि तिच्यात दहा हजारांहून जास्त बदल असतात. तरी तिथला एक नियम फार कडक आहे: आधी चालणारं मोडायचं नाही. बदल कितीही चांगल्या हेतूने केलेला असो, त्यामुळे वापरणाऱ्याचं काही बंद पडलं तर दोष बदलाचा, वापरणाऱ्याचा नाही. तो दुरुस्त करायचा, जमत नसेल तर मागे घ्यायचा.

दहा हजार बदलांतून चुकीचा एक शोधायचा कसा? अर्धे-अर्धे करून. मधली आवृत्ती तपासायची. ती चालली तर चूक नंतरच्या अर्ध्यात, नाही चालली तर आधीच्या अर्ध्यात. उरलेल्याचं पुन्हा अर्धं. अशा फक्त चौदा-पंधरा चाचण्यांत चूक सापडते. वर्गात करून बघा. १ ते १०० मधली एक संख्या मनात धरा आणि मुलांना फक्त "मोठी की लहान?" असं विचारू द्या. दरवेळी मधली संख्या विचारली तर जास्तीत जास्त सात प्रश्नांत उत्तर येतं. तिसरी-चौथीच्या मुलांना हा खेळ प्रचंड आवडतो.

आता खरा मुद्दा. माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीपर्यंत छान लिहायची. जानेवारीत फळ्यावरचं उतरवताना अक्षरं गाळू लागली, आकडे चुकवू लागली. मीसुद्धा दोन-तीनदा म्हणालो, "लक्ष नाही तुझं." घरीही तेच ऐकून घेत होती. म्हणजे मी त्या दुरुस्तीवाल्यासारखाच वागलो: मशीनच खराब!

एका संध्याकाळी मी तिची वही घेऊन बसलो. प्रत्येक पानावर तारीख होती. वही मधोमध उघडली, तर लेखन बरोबर. पुढच्या अर्ध्याच्या मध्ये उघडली, तिथे चुका. असं करत करत एका आठवड्यावर येऊन थांबलो. त्या आठवड्यात काय बदललं होतं? मी वर्गातली बैठक बदलली होती! 'सगळ्यांना पुढे बसायची संधी' म्हणून. हेतू चांगलाच होता. पण ती दुसऱ्या रांगेतून शेवटच्या रांगेत गेली होती. तिला पुढे बसवलं, चुका निम्म्याहून कमी झाल्या. वडिलांना बोलावून डोळे तपासायला सांगितलं. चष्मा लागला. मुलगी कच्ची नव्हती, तिला फळाच दिसत नव्हता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शाळेत नवीन गोष्टी यायलाच हव्यात. नवं ॲप, नवा उपक्रम, नवी पद्धत, सगळं येऊ द्या. पण प्रत्येक बदलानंतर पंधरा दिवसांनी एक प्रश्न विचारा: आधी जमणारं कुणाचं काही मोडलं का? मोडलं असेल तर बदल मागे घेण्यात कसला कमीपणा?

पालकांना दोन विनंत्या. वहीवर रोज तारीख घातली जाते ना, बघा. आणि "याला काहीच येत नाही" असं सांगू नका. "दिवाळीपर्यंत पाढे येत होते, आता सातच्या पुढे अडतो," असं सांगा. अशा एका वाक्यावरून आम्हाला शोध सुरू करता येतो.

आणि शिक्षक मित्रांनो, उद्या एखादं मूल अचानक मागे पडलेलं दिसलं तर त्याला रागावण्याआधी त्याची वही मधोमध उघडा. तुम्हाला काय सापडलं, ते मला जरूर कळवा.