संशयित पाठ आणि 230 व्होल्ट

‘जुनी वस्तू जशी सापडली तशीच जपावी’ हे वाक्य आमच्या साहित्यिक मित्रांत अलीकडे फार आदराने उच्चारले जाते. व्हॉल्व्हचा जुना गिटार ॲम्प्लिफायर हाती आला की त्याची फाटकी जाळी, दोन पिनांचा प्लग, आतला तारांचा गुंता, सारेच पवित्र ठरते. आम्हांस हा भाविकपणा मान्य नाही. तो प्रेमातून नव्हे, वाचनाच्या आळसातून येतो.

प्रश्न भिंतीतल्या विजेचा आहे. आपल्याकडे ती 230 व्होल्टची, अमेरिकेत 120, जपानात 100. म्हणूनच परदेशी विक्रीसाठी बनलेल्या अनेक ॲम्प्लिफायरांच्या ट्रान्सफॉर्मरला 110, 220, 240 अशी निरनिराळी टोके असत. पुढे कुणी जोडणी बदलतो, तारांचे रंग उडतात, मागची पट्टी गळून पडते. अशा वेळी 230 व्होल्ट 240च्या टोकाला जोडले, तर आत सारे सुमारे चार टक्के कमी मिळते आणि काही बिघडत नाही. तेच 110च्या टोकाला जोडले, तर 6.3 व्होल्टच्या तंतूला तेराच्या आसपास व्होल्ट मिळतात, आणि फ्यूज वेळीच उडाला नाही तर ट्रान्सफॉर्मर जळतो. एका तारेच्या पाठभेदावर सारा अर्थ, क्वचित वाचकाचा जीवही, अवलंबून असतो.

पाठभेद कसे हाताळावेत, हे पुणे परिसरातील अभ्यासकांना कुणी नव्याने शिकवावे लागू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966मध्ये पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुखठणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत जेथे पाठाची खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ येते. संशय लपवायचा नाही आणि त्याची पूजाही करायची नाही. तो दाखवायचा, हा त्या रेघेचा अर्थ.

चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून देणारे कारागीर हेच करतात. जळालेली गुंडाळी सोडताना वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची, वहीत लिहायचे. टोके अनोळखी असतील तर व्हॉल्व्ह काढून ठेवायचे, मल्टिमीटरने रोध तपासायचा, मग तंतूच्या गुंडाळीला 6.3 व्होल्ट एसी देऊन मुख्य टोकांवर काय उमटते ते पाहायचे. टोके स्वतःच आपला आकडा सांगतात. अर्थात तेव्हा त्यांवर जीवघेणा दाब असतो, म्हणून हे जाणत्याचेच काम. त्यानंतरच दिव्याच्या सिरीजमधून पहिली वीज. या कामाला आम्ही ‘मेकॅनिकी’ म्हणून हिणवतो आणि तेच काम पोथीवर झाले की ‘संशोधन’ म्हणतो.

कुणी म्हणेल, तीन पिनांची नवी दोरी घातल्याने मूळपण जाते. आमचे उत्तर असे की मूळपण दोरीत नसते. ते जोडणीच्या तर्कात असते, आणि तो तर्क समजून घेतल्याशिवाय जपता येत नाही. अर्थिंग द्या, संशयित कपॅसिटर बदला. काढलेला भाग पिशवीत ठेवा. काय बदलले, कधी आणि का, ते चिठ्ठीवर लिहून पेटीच्या आत डकवा. पुढल्या दुरुस्तीकाराशी एवढा प्रामाणिकपणा न दाखवणारा जतनकर्ता आमच्या लेखी मूळ प्रतीवर शाई सांडणाऱ्या लेखनिकाहून वेगळा नाही.