खोली भायखळ्यात, मालक गावात : भाड्याचा दलाल बदलताना

भायखळा म्हटले की भाजीपाला पिकवणाऱ्या घरांना मंडई आठवते, तिथला आडत्या आठवतो आणि त्याची पट्टी आठवते. पण घाटावरच्या नि कोकणातल्या पुष्कळ घरांचा भायखळ्याशी दुसराही संबंध आहे. आजोबा किंवा वडील खटाव मिलसारख्या गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, माणसे गावी परतली, काहींची खोली मात्र मागे राहिली. आज ती भाड्याने दिलेली असते आणि सगळा कारभार एका दलालाच्या हाती असतो. भाडे तोच घेतो, अनामतही त्याच्याकडे, आणि गावी पैसे येतात ते त्याच्या सवडीने. तो बदलायचा म्हटले की घरात भीती उभी राहते. भाडेकरू बिथरला तर? कागद अडवले तर?

एवढे घाबरायचे कारण नाही. हाही एक आडत्याच. पट्टी नीट येईना झाली की पुढची गाडी आपण दुसऱ्या गाळ्यावर उतरवतोच की! १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दलालाला दिलेला अधिकार मालक काढून घेऊ शकतो. वाजवी मुदतीची लेखी सूचना मात्र द्यावी. ठराविक वर्षांसाठी काम लिहून दिले असेल आणि सबळ कारणावाचून मध्येच मोडले, तर भरपाई मागण्याचा हक्क त्याला असतो. म्हणून घरातली जुनी पिशवी आधी उघडावी आणि काय सही करून दिले आहे ते वाचावे.

त्याच पिशवीत आणखी एक गोष्ट पाहावी. खोली मालकीची आहे की पागडीची? पागडीच्या खोलीत आपण भाडेकरूच असतो. चाळमालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवला असेल तर खोली हातची जाऊ शकते. अशांनी दलाल बदलण्याआधी वकिलाला भेटावे. पुढचा मजकूर मालकीच्या खोलीसाठी आहे.

आता पैसे कुठे बुडतात ते सांगतो. लोक दलालाला काढतात, त्याच्याशी भांडणही करतात, आणि भाडेकरूला कळवायचे राहून जाते. दलालाचा अधिकार संपल्याचे भाडेकरूला समजेपर्यंत त्याने जुन्या दलालाच्या हाती दिलेले भाडे तुम्हालाच दिल्यासारखे धरले जाते. ते त्याच्याकडे पुन्हा मागता येत नाही. म्हणून दलालाला पत्र जाईल त्याच दिवशी भाडेकरूलाही जावे : अमुक तारखेपासून यांना भाडे देऊ नये, या बँक खात्यावर भरावे. पत्र पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. शक्य असेल तर घरातल्या कोणी एकदा जाऊन भाडेकरूची गाठ घ्यावी. तोही माणूसच आहे, अनामत कोणाकडे मागायची याची काळजी त्यालाही असते.

दलालाला मुखत्यारपत्र दिले असेल तर ते लेखी रद्द करावे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवलेले असेल तर रद्दपत्रही नोंदवून घ्यावे. वडिलांनी साधे मुखत्यारपत्र दिले आणि ते वारले, तर दलालाची मुखत्यारी तिथेच संपते. तरी कित्येक ठिकाणी त्याच कागदावर वर्षानुवर्षे वसुली चालते, कारण आईने नि मुलांनी कोणालाच काही कळवलेले नसते. वारसांनी एकत्र सही करून कळवावे आणि सोसायटीत वारसाची नोंद करून घ्यावी.

मग हिशोब. मागितल्यावर हिशोब देणे दलालाला कायद्याने बंधनकारक आहे. भाडे किती महिन्यांचे आले, दुरुस्तीला काय गेले, सोसायटीच्या पावत्या कुठे आहेत, हे ओळीने मागावे. अनामतीची रक्कम वेगळी मागावी, कारण खोली सोडताना भाडेकरू ती तुमच्याकडेच मागणार. दलालाचे रास्त कमिशन थकले असेल तर ते चुकते होईपर्यंत तुमचे कागद स्वतःकडे ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. आडत्याची उचल फेडल्यावाचून गाळा बदलता येत नाही, तसेच हे. घेणे-देणे चुकवावे, किल्ल्या नि मूळ करार ताब्यात घ्यावा, आणि पोचेवर सही द्यावी-घ्यावी.

लिव्ह अँड लायसन्सचा करार तुमच्या नावाने असेल तर दलाल बदलल्याने तो मोडत नाही. नवा दलाल ‘कागद नव्याने करू’ म्हणेल. मुदत उरली असेल तर गरज नाही, त्यात त्याचे कमिशन तेवढे निघते! करार जुन्या दलालाने स्वतःच्याच नावाने केला असेल तर मात्र तो वकिलाला दाखवावा. तसेच करार नोंदवलेला आहे ना, हे पाहावे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरतात. शिवाय शिक्षेचीही तरतूद आहे.

नव्या दलालाला काम द्यावे ते भाडेकरू शोधण्याचे नि देखरेखीचे. वसुली त्याच्याकडे ठेवू नये. भाडे थेट मालकाच्या खात्यात यावे, आणि खोली आईच्या नावावर असेल तर तिच्याच खात्यात. खोली विकण्याचा अधिकार देणाऱ्या कागदावर, ‘नुसती फॉरमॅलिटी आहे हो’ असे कोणी कितीही म्हटले, तरी सही करू नये.