बातमीदारांनो, नाव तरी नीट लिहा!

28 नोव्हेंबर 1998 रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी रिटा हेस्टर या तृतीयपंथी बाईस तिच्याच घरात भोसकून मारले. कित्येक वर्षे जी रिटा म्हणून जगली, तिला तेथील पत्रांनी ‘तो’ करून टाकले व तिचे नाव अवतरणचिन्हांत घातले. जणू ते चोरीचेच! त्याच भागात 1995 साली शनेल पिकेट मारली गेली होती. तीन वर्षांत तिचे नावही लोक विसरले. हे पाहून ग्वेंडोलिन स्मिथ हिने मृतांची यादी आरंभिली, आणि 1999 पासून 20 नोव्हेंबरास त्यांचे स्मरण होऊ लागले. पत्रकारांचे काम एका बाईस करावे लागले!

आम्ही पडलो पंतोजी. व्याकरणावाचून आम्हांस सुचत नाही. इंग्रजीत नुसते सर्वनाम सांभाळले की भागते. मराठीत क्रियापदासही लिंग! ‘मेला’ की ‘मेली’, हे ठरविल्यावाचून आपल्या बातमीदाराचे वाक्यच पुरे होत नाही. मग पंचनाम्यातले जुने नाव उतरून तो मोकळा का होतो? तिच्या सोबतिणींस विचारावयास कितीसा वेळ लागतो? हरवलेल्या बैलाचेसुद्धा शिंग, रंग विचारून मग आपण जाहिरात देतो.