ओस चर्च, उसनी मंडळी

इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण २०११च्या जनगणनेत ५९.३ टक्के होते. २०२१मध्ये ते ४६.२ टक्क्यांवर घसरले. या ओहोटीत ब्रायटनचे सेंट पीटर्स चर्च लक्ष वेधून घेते. एकोणिसाव्या शतकातील ही भव्य वास्तू बंद करण्याची शिफारस २००७मध्ये झाली होती. २००९मध्ये लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चने आर्ची कोट्स यांच्या नेतृत्वाखाली आपले काही उपासक तेथे धाडले आणि चर्च पुन्हा गजबजले.

अशा प्रयत्नांना बळ देण्यासाठी चर्च ऑफ इंग्लंडने २०१४पासून खास विकासनिधी दिला. मात्र, रॉबर्ट चोट यांच्या २०२२च्या अहवालानुसार, सुमारे ८९ हजार नव्या अनुयायांच्या उद्दिष्टापैकी २०२१अखेर जेमतेम १३ हजारांची नोंद झाली होती. अनेक प्रकल्प अपूर्ण होते आणि कोविडचा फटकाही बसला होता, हे खरे. तरीही शेजारच्या चर्चमधले उपासक इकडे आले, तर ती वाढ नव्हे, केवळ स्थलांतर ठरते. हा पैसा गावोगावच्या धर्मगुरूंवर खर्च व्हावा, हा २०२१मध्ये उभ्या राहिलेल्या 'सेव्ह द पॅरिश' चळवळीचा आग्रह म्हणूनच दुर्लक्षिता येत नाही. बाहेरची कुमक बंद दरवाजे उघडू शकते. ते उघडे ठेवणे स्थानिक मंडळीच्याच हाती असते.