घरची दुर्बीण

आमच्या पनवेलच्या गच्चीवरून एके काळी उन्हाळ्याच्या रात्री, दक्षिणेला कर्नाळ्याच्या अंगाला, अख्खा वृश्चिक दिसायचा. अगदी नांगीतल्या मूळ नक्षत्रापर्यंत. आता ज्येष्ठेची लाल तारका तेवढी तग धरून आहे. बाकीच्या महामार्गाच्या आणि नव्या इमारतींच्या दिव्यांनी गिळल्या. परवा नातीला हे सांगत होतो, तर ती म्हणाली, “आजोबा, गच्चीवर कशाला? मोबाइलवर जेम्स वेबचे फोटो बघा, कसले भारी आहेत!”

“आणि आपल्या दुर्बिणीचे?” मी विचारले.

“आपली पण आहे?”

मुलगी दहावीत आहे, हुशार आहे. पण २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेली ॲस्ट्रोसॅट ही आपली अंतराळ वेधशाळा तिने नावानेही ऐकलेली नाही. आणि हे पनवेलमध्ये! ॲस्ट्रोसॅटवरची क्ष-किरण टिपणारी तीन मुख्य उपकरणे ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडली, ती कुलाब्याला. त्यांपैकी एका उपकरणाच्या माहितीची छाननी होते पुण्याच्या ‘आयुका’त. या दोहोंच्या मधल्या वाटेवर आपले गाव.

दोष नातीचा नाही. ॲस्ट्रोसॅट सुंदर फोटो काढत नाही, आणि आम्ही लिहिणारे सुंदर फोटोंच्या पलीकडे फारसे जात नाही. जेम्स वेबच्या छायाचित्रांतले रंगही मूळचे नव्हेत, हे किती वाचकांना आम्ही सांगितले? ती दुर्बीण प्रामुख्याने अवरक्त किरण टिपते. ते डोळ्यांना दिसत नाहीत. नकाशात उंच डोंगराला तपकिरी रंग द्यावा, तसे ते रंग मागाहून दिलेले असतात. खोटे नव्हेत, पण समजून घ्यायचे असतात. क्ष-किरण आणि बहुतेक अतिनील किरण तर आपले वातावरण जमिनीपर्यंत येऊच देत नाही. (ते बरेच आहे, नाहीतर हा लेख लिहायला मी नसतो.) म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते.

ॲस्ट्रोसॅट सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून फिरते. तिच्यावरची अतिनील दुर्बीण जेमतेम ३८ सेंटिमीटर व्यासाची. हबलचा आरसा २.४ मीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये या छोट्या दुर्बिणीने, हबलने पूर्वीच पिंजून काढलेल्या आकाशाच्या एका तुकड्याकडे २८ तासांहून अधिक काळ टक लावली. आयुकाचे कनक साहा आणि त्यांचे सहकारी पुढची जवळपास दोन वर्षे त्या नोंदी तपासत होते. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी जाहीर केले की, ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेतून अतितीव्र अतिनील प्रकाश बाहेर पडताना सापडला आहे. हबलला तो गवसला नव्हता. भर बाजारात कुजबुज ऐकू येत नाही, तसा तो क्षीण प्रकाश हबलच्या उपकरणातल्या गोंगाटात बुडून गेला होता. आपल्या उपकरणातला गोंगाट कमी होता, इतकेच. पण या ‘इतकेच’मध्ये सगळे आले. विश्वाच्या बालपणी हायड्रोजनचे धुके दाटलेले होते. ते कोणत्या प्रकाशाने फिटले आणि तो प्रकाश दीर्घिकांतून निसटला कसा, या कोड्याचा एक धागा त्या नोंदीत आहे.

फोटो म्हणाल, तर एक अस्पष्ट ठिपका.

असो नसो, फोटोंनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते. २००४ च्या जानेवारीत नासाने हबलची शेवटची दुरुस्तीमोहीम रद्द केली. अमेरिकेत केवढा गदारोळ झाला! शास्त्रज्ञ बोललेच, पण ज्यांच्या भिंतींवर हबलची चित्रे टांगलेली होती ती साधी माणसेही बोलली. २००६ मध्ये निर्णय फिरला, २००९ मध्ये अंतराळवीर जाऊन हबल दुरुस्त करून आले. चित्रांवर जडलेला जीव असा उपयोगी पडला. त्यामुळे चित्रांना नाक मुरडण्याचा अधिकार मलाही नाही.

ॲस्ट्रोसॅट पाच वर्षांच्या बोलीवर गेली होती; सप्टेंबर २०२५ मध्ये तिने दहा पूर्ण केली. तिच्या अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी २०१८ मध्येच बंद पडली. उद्या ती पुरती थांबली आणि तिच्या जागी दुसरी, मोठी हवी म्हणून शास्त्रज्ञ पैसे मागू लागले, तर त्यांच्या बाजूने बोलायला कोण उभे राहणार? जिचे नावच कोणाला ठाऊक नाही, तिच्यासाठी गदारोळ कसला!

त्या रात्री नातीला मी तो ठिपका दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मोठा केल्यावर नुसते चौकोन दिसू लागले.

“एवढंच? हेच दोन वर्षं बघत बसले?”

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “पण मग हा नुसता डाग नाही, हे त्यांना कळलं कसं?”

मला नीट सांगता आले नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आयुकाचे दरवाजे लोकांसाठी उघडतात. पनवेलहून दोन-अडीच तासांची तर वाट. प्रश्न तिने वहीत लिहून ठेवला आहे.