न बोलणाऱ्या मुलाचेही डोळे तपासता येतात

पाय ताठ असलेले तीन वर्षांचे मूल आईच्या कडेवरून व्यायामासाठी जालन्याला येते. कधी भोकरदनहून, कधी मंठ्याहून. जन्मतः उशिरा रडले, काही दिवस काचेच्या पेटीत होते, पुढे आकडी येऊ लागली, हे सगळे फाईलवर लिहिलेले असते. औषधे आणि दिव्यांग प्रमाणपत्र यांचीही नोंद असते. डोळ्यांपुढे मात्र अनेकदा दोनच शब्द असतात: ‘सहकार्य नाही’. हा ठपका मुलावर ठेवण्याचे कारण नाही. दोष तपासण्याच्या पद्धतीचा आहे.

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचता येणे म्हणजेच डोळ्यांची तपासणी, असा समज पालकांचा असतो, आणि तो काही डॉक्टरांचाही असतो. प्रत्यक्षात चष्म्याचा नंबर काढायला मुलाच्या उत्तराची गरजच नसते. बाहुली मोठी करणारे थेंब टाकायचे आणि रेटिनोस्कोपने डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवायची. परत येणारा प्रकाश कसा हलतो, त्यावरून नंबर कळतो. तान्ह्या बाळाचाही कळतो. मोतीबिंदू, तिरळेपणा, डोळ्याचा पडदा हे सारे मूल एक शब्द न बोलता पाहता येते.

याची गरज या मुलांना इतरांपेक्षा जास्त असते. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत चष्म्याचा नंबर, तिरळेपणा आणि मोतीबिंदू अधिक आढळतात. अनेकांना जवळचे पाहताना नजर नीट जुळवता येत नाही, त्यांना दुहेरी भिंगाच्या चष्म्याने बराच फरक पडतो. चष्म्याअभावी पाटीकडे न बघणारे मूल ‘मंद’ ठरते आणि तो शिक्का मग सहजी निघत नाही.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत आणखी एक गुंता असतो. डोळा निरोगी असतो, पण त्याने पाठवलेले चित्र मेंदूला नीट लावता येत नाही. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, रक्तातील साखर फार उतरणे, मेंदूज्वर ही त्याची नेहमीची कारणे. अशा मुलापुढे काळ्या चादरीवर एकच मोसंबी ठेवली तर ते हात पुढे करते. तीच मोसंबी ढिगात ठेवली की त्याला ती सापडत नाही. हलती वस्तू दिसते, थांबलेली दिसत नाही. सकाळी ओळखलेला चेहरा दमल्यावर ओळखू येत नाही. काही मुले तर वस्तू घेताना मान दुसरीकडे वळवतात. घरच्यांना वाटते, ते हट्टी आहे, लक्ष देत नाही. ‘मोबाईल तर बघतो की!’ असेही ऐकायला मिळते. पण मोबाईल उजळ असतो, त्यातले चित्र हलते. त्याकडे बघणे म्हणजे नजर चांगली असल्याचा दाखला नव्हे.

म्हणून ‘डोळे नॉर्मल’ एवढे लिहून फाईल बंद करणे चुकीचे आहे. चष्म्याचा नंबर असेल तर चष्मा द्यावाच. त्यापुढे आईला घरी काय करायचे हे दाखवावे लागते: एका वेळी एकच खेळणे, लाल किंवा पिवळे, साध्या गडद कापडावर. टीव्ही बंद ठेवायचा. वस्तू दाखवून मुलाला वेळ द्यायचा, कारण त्याची नजर उशिरा वळते. अनेक मुलांत अशा सरावाने फरक दिसतो, आणि तो लहान वयात अधिक दिसतो.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र ही तरतूद आहे. त्या केंद्रासाठी नेत्रतपासनिसाचे पदही धरलेले आहे. डोळ्यांच्या उपचारासाठी नावाजलेले श्री गणपती नेत्रालय जालना शहरातच आहे. तरीही व्यायामाचा वार वेगळा आणि डोळ्यांचा वेगळा असेल, तर मजुरी बुडवून आई दुसऱ्यांदा येणार कशी? दोन्ही एकाच दिवशी, एकाच फेरीत व्हायला हवे. घनसावंगी-अंबडकडची जी कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यांच्या मुलांची तपासणी दसऱ्याआधीच उरकली पाहिजे. दिवाळीनंतर अंगणवाडीची गाडी गावात येते तेव्हा ती मुले कारखान्याच्या तळावर असतात.