कोठीतला साहेब आणि आपला मामलेदार

प्राचीन असिरियात निव्वळ न्यायदान करणारा असा वेगळा वर्ग नव्हता. राजाचे जे कारभारी, तेच लोकांचे तंटे सोडवीत. करार मातीच्या पाटीवर कोरायचे आणि वर मातीचेच पाकीट चढवायचे, म्हणजे कोणी खाडाखोड करू नये. कागदपत्रांची एवढी काळजी, पण निवाडा मात्र कारभाऱ्याकडे!

हसू नका, हैदराबादच्या कोठीत १९३३ पर्यंत जवळजवळ हेच होते. कोठी म्हणजे ब्रिटिश रेसिडेन्सीची हवेली. पुढे तिथे मुलींचे कॉलेज आले. तिच्याभोवतीच्या रेसिडेन्सी बाजारांत, म्हणजे सुलतान बाजार वगैरे भागांत, निजामाचा कायदा चालत नसे. राज्याच्या राजकारणात लक्ष घालणारा रेसिडेंट हाच तिथले वरचे न्यायालय. रस्ता ओलांडला की कायदा बदलायचा.

गंमत अशी की, ज्याला आपण मागासलेला म्हणतो त्या निजामाने १९२१ च्या सुमारास न्यायखाते महसूल-पोलिसांपासून वेगळे काढले. त्याच्या हायकोर्टात केशवराव कोरटकर हे आपले मराठी न्यायमूर्ती होते. ब्रिटिश मुलखात मात्र कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेट. फौजदारी कामापुरती देशभर ही फारकत झाली ती १९७३ च्या फौजदारी संहितेने.

महंमद युसुफुद्दीन या निजामाच्या प्रजाजनाला सिमल्याच्या वॉरंटवर शंकरपल्ली स्टेशनात पकडले होते. रेल्वेची हद्द आमची, हा इंग्रजांचा दावा. १८९७ साली प्रिव्ही कौन्सिलने ती अटक बेकायदा ठरवली. पण त्यासाठी लंडन गाठावे लागले. साध्या दुकानदाराने काय करायचे होते?

आता आपल्या गोव्याचे. मुंडकाराचे घर राहणार की जाणार, हे १९७५ च्या कायद्याने मामलेदार ठरवतो. हा मामलेदार सकाळी दाखले देतो, पावसात पूर आला की तिकडे धावतो, निवडणूक लागली की सगळे सोडून तिच्यामागे. मी सरकारी कारकूनच आहे, फाईल कशी मागे पडते ते मला कोणी शिकवायला नको. भाटकार थांबू शकतो, त्याचे काही अडत नाही. मुंडकाराला मोडके छप्पर शाकारतानासुद्धा धाकधूक.

२०१४ मध्ये कुळांचे दावे दिवाणी कोर्टात नेले, तेव्हा ओरड झाली की कूळ वकिलाला पैसे कुठून देणार. ओरड खरीच होती आणि पुढे ते काम पुन्हा मामलेदारांकडे आले. तेव्हा कोर्टाचा खर्च नको, हे मान्य. पण प्रत्येक तालुक्यात या दाव्यांसाठीच एक अधिकारी नेमायला काय हरकत आहे? फक्त त्याला निवडणुकीच्या कामाला जुंपू नका.